हेडिंग्ली: लीड्सच्या विद्यार्थ्यांचं उपनगर आणि त्याआधीचं गाव

टेकडीवरची

इंग्लंडमधल्या लीड्सला ॲडमिशन मिळाली की पहिली काळजी व्हिसाची आणि दुसरी "हेडिंग्लीत रूम घेऊ का?" याची. त्यावर येणारी उत्तरं ठरलेली. कुणी म्हणतं, स्टुडंट एरिया आहे, डोळे मिटून घे. कुणी म्हणतं, दंगा फार, कचरा फार, त्या बाजूला फिरकू नकोस. मी या भागात बरीच वर्षं राहते आहे, माझी मुलं इथेच लहानाची मोठी झाली, आणि ही दोन्ही उत्तरं ऐकली की मला राहवत नाही. हेडिंग्ली म्हणजे नुसत्या भाड्याच्या खोल्या नव्हेत. ते एक जुनं गाव आहे. विद्यार्थी तिथे कसे आले, त्यापायी कोण निघून गेलं, कोण हट्टानं राहिलं, हे माहीत असलं तर तिथे राहायला जाणारं पोर जरा डोळे उघडे ठेवून राहील, असं मला मनापासून वाटतं. म्हणून या मंचावर हा धागा. तुम्हीही भर घाला.

आधी भूगोल. लीड्सच्या मध्यवस्तीतून वायव्येला ऑटली गावाकडे रस्ता जातो. वाटेत आधी युनिव्हर्सिटी, मग वुडहाऊस मूर नावाचं मोठं मैदान, मग हाइड पार्क कॉर्नरचा चौक. तिथून हेडिंग्ली लेनचा चढ सुरू होतो. वर पोचलं की सेंट मायकल चर्चचा कळस आणि जवळजवळ समोरासमोर दोन पब: ओरिजिनल ओक आणि स्कायरॅक. शहरापासून इथवर जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर. विद्यार्थी 'हेडिंग्ली' म्हणतात तेव्हा त्यात बहुधा खालचं हाइड पार्क आणि बर्लीचा काही भागही धरलेला असतो. पोस्टकोड बहुतेकांचा एलएस६.

त्या दोन्ही पबांची नावं एकाच झाडावरून आली आहेत. इथे एक प्रचंड जुना ओक होता. आसपासच्या परगण्याची सभा त्याच्याखाली भरे, अशी परंपरा आहे. परगण्याचं 'स्कायरॅक' हे नावही त्या झाडावरूनच पडलं. १९४१ च्या मे महिन्यात ते झाड पडलं. पण गावाची नोंद त्याहून कितीतरी आधीची, विल्यम राजानं १०८६ मध्ये करून घेतलेल्या मोजणीतली. ११५२ मध्ये खाली एअर नदीच्या काठी सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी कर्कस्टॉलचा मठ बांधला आणि इथल्या जमिनी हळूहळू मठाकडे गेल्या. आठव्या हेन्रीनं १५३९ मध्ये मठ मोडीत काढला. पुढे फिरत फिरत ती मालमत्ता ब्रूडनेल घराण्याकडे, म्हणजे कार्डिगनच्या अर्लांकडे (अर्ल ही सरदारकीची पदवी) आली. बालाक्लाव्हाच्या लढाईत १८५४ मध्ये घोडदळाची ती प्रसिद्ध आत्मघातकी चाल ज्याच्या हुकमतीखाली झाली, तो अर्ल याच घराण्यातला. आज कार्डिगन रोडवर किंवा ब्रूडनेल रोडवर भाड्याची पाटी शोधत फिरणारी मुलं त्यांच्याच जमिनीवरून चालत असतात.

गावाचं उपनगर झालं ते धुरामुळे. एकोणिसाव्या शतकातलं लीड्स म्हणजे लोकर, लिनन आणि यंत्रांचे कारखाने, बहुतेक सगळे नदीकाठी. १८३२ आणि १८४९ मध्ये कॉलरानं शहरात थैमान घातलं. इथला वारा बराचसा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे धूर पूर्वेच्या गरीब वस्त्यांवर जायचा. ज्यांना परवडत होतं ते गिरणीमालक, बँकर आणि वकील वायव्येच्या टेकडीवर चढले. हेडिंग्ली हिलवरचे दगडी बंगले त्या काळातले. १८४९ मध्ये खाली रेल्वे स्टेशन झालं आणि १८७१ मध्ये लीड्समधली पहिली घोड्यांची ट्राम सुरू झाली ती शहरातून थेट या ओकपर्यंत. मग कारकून, मास्तर, दुकानदारही वर येऊ लागले आणि बंगल्यांच्या मधल्या शेतांत लाल विटांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र अस्वलाची. १८४० मध्ये इथे प्राणी आणि वनस्पतींची मोठी बाग उघडली होती. हेतू उदात्त होता: शहरातल्या लोकांना शुद्ध हवा आणि ज्ञान दोन्ही मिळावं. पण कामगाराला सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी बाग उघडी ठेवावी की नाही यावर धर्मनिष्ठ मंडळींशी वाद. पैसा पुरेना, आणि काही वर्षांतच बाग बुडाली. उरला तो कार्डिगन रोडवरचा अस्वलाचा खड्डा. रस्त्याला लागून दोन गोल दगडी बुरूज आहेत, वर कंगोरे आहेत, आणि मागे खोल गोल हौद. लोक बुरुजावर चढून खाली अस्वल पाहत. आज आजूबाजूला सगळी भाड्याची घरं आहेत, आणि त्या बुरुजांवरून दिवसातून दहादा जाणाऱ्यांनाही बहुतेक वेळा ते काय आहे हे ठाऊक नसतं.

युनिव्हर्सिटीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते.

खडूफळा

वा, फार सुंदर सुरुवात. अस्वलाचा खड्डा वाचून लगेच नकाशा उघडला, खरंच दिसतोय! मी लीड्सला एकदा कामानिमित्त येऊन गेलो होतो. तेव्हा हाइड पार्कमध्ये एक गंमत दिसली. काही गल्ल्यांत घराला मागची बाजूच नव्हती, मागच्या भिंतीला दुसरं घर चिकटलेलं. हा काय प्रकार आहे?

टेकडीवरची

ती 'बॅक-टू-बॅक' घरं. प्रत्येक घराच्या तीन भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक, दार-खिडक्या फक्त पुढच्या बाजूला. मागे अंगण नाही, त्यामुळे वारा आरपार जात नाही. कमी जमिनीत जास्तीत जास्त गिरणी कामगार बसवायची ही युक्ती. संडास घरात नसायचे, काही घरांमागे एक असे रांगेच्या मध्ये मोकळ्या जागी असत. इंग्लंडात १९०९ च्या कायद्यानं अशी घरं बांधायला बंदी आली, पण लीड्सनं आधीच मंजूर झालेल्या नकाशांच्या आधारे १९३७ पर्यंत ती बांधली. म्हणून बाकी शहरांत ही घरं जवळजवळ नाहीशी झाली तरी लीड्समध्ये अजून हजारो शिल्लक आहेत आणि त्यांत माणसं राहतात. मागे अंगण नसल्यामुळे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या या घरापासून समोरच्या घरापर्यंत रस्ता ओलांडून बांधायचे. काही गल्ल्यांत अजूनही उन्हाळ्यात तसे कपडे दिसतात आणि गाडी आली की कुणीतरी काठीनं दोरी वर उचलतं.

विद्यार्थ्यांना हा भाग का मानवला, याचं उत्तर या घरांतच आहे. टेकडीवरची मध्यमवर्गीय घरं मोठ्या कुटुंबासाठी बांधलेली: तळघर, वर दोन मजले, त्यावर माळा आणि मोलकरणीची खोली. दिवाणखान्याची झोपायची खोली केली आणि तळघराला खिडकी पाडली की सहा-सात मुलं आरामात मावतात. युनिव्हर्सिटी पायी अर्ध्या तासाच्या आत.

आणि युनिव्हर्सिटीशी नातं फार जुनं. १८७४ मध्ये यॉर्कशायर कॉलेज ऑफ सायन्स निघालं, १९०४ मध्ये त्याची लीड्स युनिव्हर्सिटी झाली. आर्थर रॅन्सम हा मुलांचा आवडता इंग्रज लेखक १८८४ मध्ये इथल्या ॲश ग्रोव्हवर जन्मला, कारण त्याचे वडील त्या कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक होते. आज ॲश ग्रोव्ह म्हणजे विद्यार्थ्यांचीच गल्ली. दुसरीकडे बेकेट या बँकर घराण्याच्या इस्टेटीवर शहरानं शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज बांधलं. ते सुरू होऊन जेमतेम वर्ष होतंय तोच पहिलं महायुद्ध लागलं आणि त्याचं लष्करी हॉस्पिटल झालं. त्या कॉलेजाचा वारसा पुढे पॉलिटेक्निककडे आला, १९९२ मध्ये त्याची लीड्स मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी झाली आणि २०१४ पासून नाव लीड्स बेकेट. म्हणजे हेडिंग्लीच्या एका टोकाला एक युनिव्हर्सिटी आणि दुसऱ्या टोकाला दुसरी. मधली घरं कुणाकडे जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

गल्ली_क्रिकेट

हेडिंग्लीवर धागा आणि अजून क्रिकेट नाही? मी लिहितो.

त्या कार्डिगन इस्टेटीचा लिलाव झाला तेव्हा त्यातला एक तुकडा १८८८ मध्ये खेळाच्या मैदानासाठी घेतला गेला. १८९० ला मैदान सुरू, १८९९ ला पहिली कसोटी. एकाच स्टँडच्या एका बाजूला क्रिकेट आणि दुसऱ्या बाजूला रग्बी लीग. ब्रॅडमननं १९३० मध्ये इथे एका दिवसात ३०९ काढल्या. १९८१ चा बोथम-विलिसचा सामना आणि २०१९ ची स्टोक्सची खेळी सगळ्यांना पाठ आहे. १९७५ चा किस्सा मात्र कमी जणांना माहीत असतो. तुरुंगातल्या एका माणसाच्या सुटकेसाठी मोहीम चालवणाऱ्यांनी रात्रीत खेळपट्टी खणली आणि तेल ओतलं. ॲशेसची कसोटी शेवटच्या दिवशी सोडून द्यावी लागली.

पण आपल्यासाठी हेडिंग्ली म्हणजे १९५२. विजय हजारे कप्तान. पहिल्या डावात ३ बाद ४२ वरून हजारे आणि विजय मांजरेकर यांनी २२२ जोडल्या. मांजरेकर १३३, कारकिर्दीतलं पहिलं शतक, वय अवघं वीस. आणि दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार बळी! पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, आणि त्याच सामन्यात शतक ठोकलेला मांजरेकर, चौघेही शून्यावर. यातले तीन फ्रेडी ट्रूमननं घेतले, तोही पहिलीच कसोटी खेळत होता. त्या अवस्थेतून हजारे आणि दत्तू फडकर उभे राहिले, दोघांनीही अर्धशतकं केली. सामना गेला, पण त्या भागीदारीचा मला आजही अभिमान वाटतो.

हिशेब चुकता व्हायला बरीच वर्षं लागली. १९८६ मध्ये याच मैदानावर वेंगसरकरनं ६१ आणि नाबाद १०२ केल्या. त्या सामन्यात इंग्लंडचे दोन डाव १०२ आणि १२८ मध्ये आटोपले होते, त्यावरून खेळपट्टी कशी होती ते कळेल. २००२ मध्ये ढगाळ सकाळी गांगुलीनं टॉस जिंकून बॅटिंग घेतली. बीडचा संजय बांगर सलामीला येऊन ६८ पर्यंत टिकला, मग द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. डावानं विजय. सचिन त्या शतकानं ब्रॅडमनच्या २९ शतकांच्या पुढे गेला, आणि तेही ब्रॅडमनच्या लाडक्या मैदानावर.

आणि सचिनचं इथलं नातं त्याआधीचं. यॉर्कशायर काउंटीत वर्षानुवर्षं फक्त यॉर्कशायरमध्ये जन्मलेलेच खेळत. १९९२ मध्ये ती परंपरा मोडली आणि पहिला परदेशी खेळाडू म्हणून मैदानात उतरला तो वांद्र्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा. वयानं तोही इथल्या विद्यार्थ्यांएवढाच होता.

गोदाकाठ

धागा आमच्यासाठीच काढल्यासारखा वाटतोय. आमचा मुलगा सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी येतोय. त्याचे मित्र हाइड पार्कमध्ये घर बघताहेत. ताई, सुरक्षित आहे ना? नेटवर काही काही वाचून झोप उडाली आहे. १९८० ची एक घटनाही वाचली.

पूर्वाश्रमीचा

गोदाकाठ, मी पुण्याहून तिथे शिकायला गेलो होतो आणि शिक्षण संपेपर्यंत हाइड पार्कमध्येच राहिलो. सुरक्षिततेबद्दल टेकडीवरची ताई जास्त नीट सांगतील, मी रोजचं सांगतो.

घराच्या शोधाची घाई नोव्हेंबरमध्येच सुरू होते, पुढच्या जुलैच्या घरासाठी. नव्या मुलांना कळतच नाही की एवढ्या आधी का. 'चांगली घरं जातील' या भीतीनं पहिल्या दोन महिन्यांत ओळख झालेल्या पाच जणांबरोबर वर्षभराचा करार होऊन जायचा. आमचं घर ब्रूडनेलच्या बाजूला होतं. माझी खोली तळघरात, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. हिवाळ्यात भिंतीला ओल, आणि ओलीवर काळी बुरशी. एजन्सीला फोन केला की "खिडकी उघडी ठेवा" एवढंच उत्तर, डिसेंबरमध्ये! डिपॉझिटमधून त्याच बुरशीच्या सफाईचे पैसे कापायला निघाले होते. आम्ही महिन्याच्या महिन्याला काढलेले फोटो दाखवले तेव्हा सगळे परत मिळाले. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायला सांगा, तारखेसकट.

आणि तरीही सांगतो, तो भाग मला फार प्रिय आहे. हाइड पार्क पिक्चर हाऊस नावाचं १९१४ चं सिनेमागृह कोपऱ्यावर आहे, आत गॅसचे दिवे अजून सांभाळून ठेवले आहेत. सिनेमा सुरू असतानाही ते मंद जळत असतात. ब्रूडनेल सोशल क्लब १९१३ मध्ये कामगारांचा क्लब म्हणून निघाला, आज तिथे देशोदेशीचे बँड वाजवून जातात, आणि बारच्या एका बाजूला जुने मेंबर आजोबा आपले स्नूकर खेळत असतात. अलेक्झांड्रा रोडवरचं हिंदू मंदिर आमच्या गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर. दिवाळीला तिथे गेलो तेव्हा पहिल्यांदा घरची आठवण येऊनही बरं वाटलं.

जुलैच्या पहिल्या दिवशी मात्र वाईट वाटायचं. एकाच दिवशी सगळ्या गल्लीचे करार संपायचे. फुटपाथवर गाद्यांचा ढीग, उशा, टेबललॅम्प, किटल्या. एकदा आमच्या दारासमोर शिट्टी हरवलेला प्रेशर कुकर आणि निम्मी भरलेली बासमतीची पिशवी होती, म्हणजे आपल्याकडचंच कुणीतरी. समोर राहणाऱ्या इंग्रज आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना कुणी "येतो" म्हणूनही गेलं नव्हतं.

भाडेकरू

चांगली चर्चा. पण मला एक बाजू मांडायची आहे. या धाग्यात विद्यार्थ्यांनी गाव उठवलं असा सूर येतोय का? विद्यार्थी नसते तर तो सिनेमा, ते क्लब, दर काही मिनिटांनी येणारी बस, रात्री उशिरापर्यंत उघडी दुकानं राहिली असती का? इंग्लंडच्या उत्तरेत गिरण्या बंद पडल्यावर ओस पडलेल्या वस्त्या मी पाहिल्या आहेत. मुलं भरमसाट फी आणि भाडं देतात. त्यांच्या पैशावर शहर चालतं आणि वर त्यांनाच बोल लावायचा, हे पटत नाही.

टेकडीवरची

भाडेकरू, तुमचा मुद्दा अर्धा मला मान्य आहे. सिनेमागृह टिकलं यात विद्यार्थ्यांच्या तिकिटांचा वाटा मोठा आहे. बोल मी मुलांना लावतच नाही. पण गाव बदललं हे खरं, आणि ते आपोआप बदललं नाही.

नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांची संख्या झपाट्यानं वाढली, पॉलिटेक्निकांच्या युनिव्हर्सिट्या झाल्या. तेवढी हॉस्टेलं कुणी बांधली नाहीत. त्याच्या थोडं आधी, १९८८ च्या कायद्यानं कमी मुदतीचे भाडेकरार सोपे झाले आणि १९९६ पासून भाड्यानं देण्यासाठीच घर घ्यायला बँका खास कर्जं देऊ लागल्या. आता हिशेब करा. एका कुटुंबाला चार खोल्यांचं घर दिलं तर एक भाडं, पाच मुलांना दिलं तर पाच भाडी. घर विकायला निघालं की घरमालक जी किंमत मोजायचा ती तरुण जोडप्याला परवडायची नाही. एका गल्लीत निम्मी घरं अशी झाली की उरलेली कुटुंबंही विकून निघायची, कारण रात्री दोनला पार्टी आणि उन्हाळ्यात तीन महिने अंधारी गल्ली. २००० च्या आसपास हेडिंग्लीच्या कित्येक गल्ल्यांत निम्म्याहून जास्त रहिवासी विद्यार्थी होते. डॅरेन स्मिथ या भूगोलाच्या अभ्यासकानं २००२ मध्ये या प्रक्रियेला 'स्टुडंटिफिकेशन' असं नाव दिलं, आणि हेडिंग्ली हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे.

मुलं गेली की शाळा जाते. इथे दोन शाळांचं काय झालं ते सांगते, कारण मला या सगळ्या इतिहासात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एक हाइड पार्कमधली रॉयल पार्क प्रायमरी. व्हिक्टोरियन इमारत, सगळ्या वस्तीच्या मध्यभागी. २००४ मध्ये पटावर मुलं नाहीत म्हणून बंद झाली. लोकांनी मागणी केली की ती आम्हाला द्या, आम्ही तिथे वाचनालय, वर्ग, सभागृह चालवू. वर्षं गेली, छत गळायला लागलं, चोरांनी धातू काढून नेला. २००९ मध्ये रहिवासी आत शिरले, कुलपं ताब्यात घेतली आणि स्वतः साफसफाई सुरू केली. त्यात स्थानिक पाकिस्तानी कुटुंबं होती, जुने इंग्रज रहिवासी होते आणि विद्यार्थीसुद्धा होते. कोर्टाच्या आदेशानं त्यांना बाहेर काढलं. २०१४ मध्ये इमारत पाडली. त्या रिकाम्या जागेवरून जाताना मला आजही राग येतो.

दुसरी वर हेडिंग्लीत बेनेट रोडवरची, १८८२ ची. तीही त्याच सुमाराला बंद झाली. पण इथे २००५ मध्ये रहिवाशांनी हेडिंग्ली डेव्हलपमेंट ट्रस्ट काढला होता. सभासद म्हणून कुणीही सामील व्हावं, लोकांनी शेअर घ्यावेत, अनुदानं मिळवावीत, असं करत त्यांनी काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, इमारत मिळवली आणि २०११ मध्ये तिथे 'हार्ट' केंद्र उघडलं. कॅफे, छोट्या संस्थांची ऑफिसं, नाच-योगाचे वर्ग, संध्याकाळी गाणं. नॉर्थ लेनवरचं धान्याचं जुनं दुकान बंद पडायला आलं होतं, तेही याच लोकांनी शेअर गोळा करून सामुदायिक मालकीचं केलं. माझी मुलं त्या शाळेच्या खोल्यांत चित्रकला शिकली. तिथे उंच खिडक्या, शाळेचे जुने कोट अडकवायचे खिळे अजून भिंतीला आहेत, पोरांच्या उंचीवर.

सरकारलाही या रहिवाशांनीच जागं केलं. एकत्र राहणाऱ्या भाडेकरूंच्या घरांवर नियम हवेत यासाठी देशभर जी चळवळ झाली, तिच्या पुढच्या फळीत हेडिंग्लीची मंडळी होती. २००४ च्या कायद्यानं मोठ्या घरांना परवाना लागू लागला. २०१२ च्या फेब्रुवारीपासून लीड्सच्या या भागांत कुटुंबाचं घर भाड्याच्या खोल्यांत बदलायचं तर परवानगी काढावी लागते. आता शहराच्या मध्यात विद्यार्थ्यांसाठी टोलेजंग इमारती झाल्या आहेत, त्यातली एक तर ३८ मजली. बरीच मुलं तिकडे वळली, आणि हेडिंग्लीच्या काही गल्ल्यांत पुन्हा बाबागाड्या दिसू लागल्या आहेत.

गोदाकाठ, तुम्ही जे वाचलंत ते खरं आहे. १९७५ ते १९८० या काळात यॉर्कशायर आणि मँचेस्टर भागात एका खुन्यानं १३ बायकांचा जीव घेतला. शेवटची लीड्स युनिव्हर्सिटीची विद्यार्थिनी होती, नोव्हेंबर १९८० मध्ये हेडिंग्लीत बसमधून उतरून हॉस्टेलवर चालली होती. जानेवारी १९८१ मध्ये तो पकडला गेला. पोलीस त्या काळात बायकांना सांगत होते, अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. लीड्सच्या बायकांनी १९७७ मध्येच त्याला उत्तर दिलं होतं: रात्री मशाली घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या, म्हणाल्या, घरात आम्ही का बसायचं? त्याच रात्री इतर शहरांतही मोर्चे निघाले आणि ती परंपरा आज जगभर चालते. इथल्या वयस्कर बायकांशी बोललं की ती वर्षं अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतात. त्या मुलीबद्दल लिहिताना मलाही जड जातं, पण हे टाळून हेडिंग्लीचा इतिहास सांगता येणार नाही.

आजची परिस्थिती तशी नाही. घरफोड्या मात्र होतात. विद्यार्थ्यांच्या घरात पाच लॅपटॉप असतात हे चोरांना ठाऊक आहे. पुढचं दार ओढून घेतलं म्हणजे कुलूप लागलंच असं नाही, किल्ली फिरवायची. तळमजल्याची खिडकी उघडी टाकून झोपायचं नाही. वुडहाऊस मूर दिवसा फार सुंदर आहे, रात्री एकट्यानं आतून न जाता कडेच्या उजेडाच्या रस्त्यानं जावं किंवा बस धरावी.

गोदाकाठ

ताई, मनापासून धन्यवाद. मुलाला सगळा धागा वाचायला लावला. त्यानं विचारलंय, हे शनिवारी लोक वेगवेगळे वेश करून रस्त्यानं जाताना व्हिडिओत दिसतात ते काय असतं?

गल्ली_क्रिकेट

तो 'ऑटली रन'. 'फार हेडिंग्ली' नावाच्या भागातल्या वुडीज पबपासून सुरुवात करून रस्त्यावरच्या एकेका पबात थांबत शहरापर्यंत उतरायचं, सगळ्या टोळीचा वेश एक. कसोटीच्या शनिवारी मैदानाच्या वेस्टर्न टेरेसवर बसणाऱ्या प्रेक्षकांचंही असंच असतं. एखाद्या शनिवारी दुपारी बसमधून बघायला मजा येते.

भाडेकरू

टेकडीवरची, दोन शाळांची गोष्ट मला माहीत नव्हती. माझं मत थोडं बदललं. घरमालकांच्या हिशेबाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, तिथे मुलांचा दोष नाही आणि रहिवाशांचाही नाही. एक प्रश्न: मुलांनी नेमकं काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे?

टेकडीवरची

फार मोठं काही नाही. गोदाकाठ, हे तुमच्या मुलासाठीही.

घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या दारावर टकटक करून नाव सांगावं. इंग्लंडात न विचारता जायचं नसतं असं आपल्या मुलांना वाटतं, पण इथल्या शेजाऱ्यांना याचा आनंदच होतो. पार्टी असेल तर आधी चिठ्ठी टाकावी आणि त्यावर फोन नंबर द्यावा. काळा डबा कचऱ्याचा, हिरवा पुनर्वापराचा, आणि गाडी येऊन गेल्यावर डबे आत घ्यायचे. फुटपाथवर राहिलेल्या डब्यांमुळे व्हीलचेअर आणि बाबागाडी रस्त्यावर उतरवावी लागते. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला काउन्सिल टॅक्स माफ असतो, पण त्यासाठी युनिव्हर्सिटीचं प्रमाणपत्र पाठवावं लागतं, नाहीतर नोटिसा येतात. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही (फार मोठ्या भाड्याची घरं सोडून) आणि ते ३० दिवसांत अधिकृत योजनेत जमा करावं लागतं. पावती मागून घ्यावी. घर शोधताना युनिपोल या विद्यार्थ्यांच्या निवाससंस्थेकडून करार तपासून घ्यावा, सही त्यानंतर. नोव्हेंबरच्या घाईला बळी पडू नये, घरं नंतरही मिळतात.

जून संपताना गाद्या, भांडी, रजया फुटपाथवर टाकू नयेत. धर्मादाय संस्था त्या दिवसांत गोळा करायच्या जागा ठेवतात, तिथे पोचवाव्यात. धान्य उरलं तर मंदिरात द्यावं.

आणि 'हार्ट'मध्ये स्वयंसेवक लागतात. शनिवारचे दोन तास दिले तरी चालतात. तिथे पेन्शनर, लहान मुलांच्या आया, विद्यार्थी एकाच टेबलावर बसून कामं करतात. मुलगा आला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, मी त्याला पहिल्यांदा घेऊन जाईन.